मुंगीचे आठ पाय

साताऱ्यात आमच्या कॉलनीच्या मागे एक सार्वजनिक बाग आहे. त्या बागेत एक मुंगी आहे. सिमेंटची, काळी कुळकुळीत, म्हशीएवढी. डोक्यावर गुळाची ढेप घेतलेली आणि पायांत मिलिटरीचे बूट घातलेली. हल्ली ढेपीखाली काळ्या दगडाचा एक खांब आहे, आणि संध्याकाळी पोरं तिच्या पाठीवरून चढून थेट ढेपीवर जाऊन बसतात, खाली उभ्या असलेल्या आयांना वेडावून दाखवतात. नवीन माणूस ती बघतो तेव्हा हसतो. हसावं म्हणूनच ती केली होती. मला मात्र तिच्याकडे बघून हसू येत नाही, आणि का येत नाही हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. ती मुंगी माझ्या वडिलांनी केली. तिला आज सहा पाय आहेत. मूळचे आठ होते. दोन मी कापायला लावले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. सव्वीस वर्षं झाली. चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. लग्नपत्रिकेतल्या चुका काढून मी पाहुण्यांशी वाकडं घेतलंय. दवाखान्याच्या भिंतीवरच्या चित्रात हृदय उलट्या बाजूला काढलंय म्हणून तिथल्या डॉक्टरांना त्यांच्याच खुर्चीसमोर उभं राहून सुनावलंय. नवरा म्हणायचा, "तुला देवानं डोळे नाही दिले, भिंगं दिलीत." म्हणेना का! चूक ती चूक, बापाची असो नाहीतर साहेबाची, असं मी चारचौघांत छाती काढून सांगायची. आता सांगत नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, कडेगावकडचे. गवंडी, पण घरं बांधणारे नव्हेत, देवळाच्या शिखरावरची चित्रं करणारे. आमच्या भागात शिखरावर नुसते देव नसतात. ज्या गावात घरटी एक पोरगा सैन्यात, त्या गावाला देवळाच्या दारावर बंदूक घेतलेले दोन जवान हवे असतात. आबा ते करून द्यायचे, अगदी पट्ट्याच्या बकलासकट. आणि शिखराच्या मागच्या अंगाला, जिथे कुणी बघायला जात नाही तिथे, स्वतःच्या मनाचं एखादं काहीतरी. दाढी करून घेणारं माकड. चष्मा लावून पोथी वाचणारा बैल. "आबा, हे कशाला?" म्हटलं तर म्हणायचे, "देवाला बी करमाय नको व्हय?"

शाळा त्यांची दुसरीपर्यंत. अक्षर जुळवून जुळवून वाचायचे, लिहायचं काम मात्र माझ्याकडे. मी तिसरीत असल्यापासून त्यांची सगळी पत्रं, कामाचे कागद, गावच्या पंचांना द्यायच्या चिठ्ठ्या मीच लिहीत आले. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान होता! पुढे शिकले, डी.एड. झाले, नोकरी लागली, आणि तो अभिमान कधी दुसरीकडे वळला ते कळलंच नाही. शाळेत कुणी विचारलं, वडील काय करतात, तर मी "मूर्तिकार" म्हणायची. गवंडी म्हणायला जीभ वळायची नाही. खोटं कशाला बोलू? लाज वाटायची.

आई गेल्यावर मी आबांना साताऱ्याला घेऊन आले. सत्तरी ओलांडलेली, पण हात अजून ठणठणीत. फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमेना. गॅलरीत उभे राहून समोरच्या इमारतीचा गिलावा कुठे फुगलाय ते बघत बसायचे. शेजारी एक निवृत्त सुभेदार राहायचे, सकाळी बागेत फिरणाऱ्या मंडळींचे पुढारी. बागेच्या कोपऱ्यात राडारोडा पडला होता, तो उचलून तिथे पोरांसाठी काहीतरी करायचं घाटत होतं. सुभेदार आबांना म्हणाले, "आवं मिस्त्री, नुस्तं बसून काय करताय? करा की काहीतरी झक्कास!" नगरपालिकेच्या कचेरीनं सिमेंट-सळई द्यायचं कबूल केलं, आबांनी हाताची मजुरी नको म्हणून सांगितलं.

आबांची कामाची रीत अशी होती की कागदावर रेघ मारायची नाही. जे करायचं ते डोळ्यांत भरेपर्यंत बघायचं आणि मग एकदम सळई वाकवायला घ्यायची. तर त्यांनी गच्चीवर गुळाचा खडा टाकला आणि दोन दिवस तिथे उकिडवे बसून मुंग्या बघितल्या. मी वाळवण काढायला गेले तर म्हणतात, "सावकाश पाय टाक गं, माझी माणसं कामावर हायती." दोन दिवस, डोळ्यांचा चष्मा वर-खाली करत. आणि ह्या माणसाला मुंगीचे पाय मोजता आले नसतील, असं मला पुढे वाटलं. वाटलंच कसं, सांगा!

बुटांची गंमत वेगळीच. मुंगीचे पाय खाली निमुळते, जमिनीला धरायला जागा हवी. आबा सुभेदारांना म्हणाले, जुने बूट असतील तर द्या. त्यांनी दिले, आणि त्यांचं बघून कॉलनीतल्या आणखी तिघा निवृत्तांनी आपापल्या ट्रंकेतून काढून आणले. सियाचीन बघून आलेले बूट, राजस्थानची वाळू खाल्लेले बूट. आबांनी त्यांत काँक्रीट भरलं, सळया उभ्या केल्या, वर कोंबड्यांची जाळी गुंडाळली आणि थापीनं सिमेंट चढवत गेले. चार जोड्या, आठ बूट, आठ पाय. दीड महिना ते सकाळी डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी पांढरे होऊन परत यायचे. चेहरा असा की मी लहानपणानंतर तो बघितलाच नव्हता.

मुंगी उभी राहिली आणि बागेत माणसं लोटली. पोरं तर तुटून पडली. पाठीवर, मानेवर, ढेपीवर, एका वेळी दहा-बारा. निवृत्त मंडळी आपापला बूट नातवंडांना दाखवायची. आबा बाकावर बसून हे बघायचे, संध्याकाळचा चहासुद्धा तिथेच मागवायचे. मीही पहिल्या दिवशी बघून आले. कौतुक वाटलं. घरी येताना जिन्यात एकदम डोक्यात आलं, आठ?

मी बोलले नाही. जाऊ दे, म्हटलं, म्हातारा माणूस आहे. पण पुढच्याच महिन्यात घटक चाचणी झाली. कीटकांचा धडा होता. मुंगीला पाय किती? वर्गातल्या सात-आठ पोरांनी लिहिलं, आठ. मी त्यांना उभं केलं. एकजण धिटाईनं म्हणाला, "मॅडम, बागेत बघितलं. मोजले आम्ही." वर्ग हसला. ते शिक्षकांच्या खोलीत पोचायला किती वेळ लागतो! मधल्या सुट्टीत एक सर डबा उघडता उघडता म्हणाले, "बाईंच्या घरचीच मुंगी. तिला वाटेल तेवढे पाय!" सगळे हसले, मीही हसले. मग डबा तसाच बंद केला.

आता खरं म्हणजे काय करायचं होतं? घरी जायचं आणि विचारायचं, आबा, आठ का केले? चार शब्दांचं काम. पोरांना रोज सांगते, शंका आली की विचारा, विचारायला लाजू नका. मी विचारलं नाही. मला वाटलं विचारलं तर ते खजील होतील, म्हणतील पोरी मला कुठलं एवढं ठावं, आणि तो चेहरा मला बघवणार नाही. त्यांची कीव केली मी. कीव करणाऱ्याला आपण वरच्या पायरीवर उभे आहोत असं वाटतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मी अर्ज लिहिला. शाळेत, ऑफ तासाला, फुलस्केपवर, समास सोडून. "सदर मुंगीस आठ पाय दर्शविण्यात आले असून त्यामुळे बालकांच्या मनात शास्त्रीयदृष्ट्या चुकीची माहिती रुजत आहे. तरी आवश्यक ती दुरुस्ती व्हावी, ही नम्र विनंती." खाली, "एक जागरूक नागरिक". काय पण जागरूक! मला वाटलं होतं, कचेरीवाले गुपचूप येतील, दोन पाय छाटतील, आबांना सांगतील की असा वरचा नियम आहे, आणि प्रकरण मिटेल. बापाला कमीपणा न येता चूक दुरुस्त होईल. अक्षर बदलावं एवढंसुद्धा मला सुचलं नाही. लिफाफा दुपारी जाऊन पेटीत टाकला.

तीन आठवड्यांनी आबांना बोलावणं आलं. बागेतच, मुंगीपाशी. मी रजा टाकून बरोबर गेले. आधार द्यायला गेले, असं घरात म्हणाले. बाग खात्याचा इंजिनिअर तरुण मुलगा होता, बोलायला मऊ. हातात फाइल. आधी त्यानं मुंगीभोवती एक चक्कर मारली, ढेपीवर थाप मारून बघितली, मग म्हणाला, "आजोबा, काम एक नंबर आहे. पण मुंगीला सहा पाय असतात ना?"

"व्हय," आबा म्हणाले. "सहाच."

मी आबांकडे वळून बघितलं.

"मग आठ का केले?"

"ढेप फुडं हाय न्हवं? सगळा भार फुडं येतोय. सहावर ती हुबी ऱ्हाईल, पण पोरं काय तिला बघून गप बसणार हायती? ती ढेपीवरच जाणार. पोरांची जात हाय. मग तोंडघशी जाईल, न्हाईतर मान मोडंल. म्हणून फुडं दोन जादा दिल्यात. खऱ्या मुंगीला काय, तिच्यावर कोण चढतंय?" आणि ते थोडं हसले. "म्या बघितल्यात साहेब मुंग्या. लय बघितल्यात."

ज्या दोन पायांना मी अडाणीपणा समजत होते, ते त्या दहा-बारा पोरांसाठी होते. बापानं मोजण्यात चूक केली नव्हती, निसर्गाला विचारून, हिशेबानं, दोन पाय वाढवले होते. मी तिथे उभी होते.

इंजिनिअरलाही ते पटलं. त्यानं फाइल उघडून माझा फुलस्केप काढला, आबांपुढे धरला. "माझं म्हणाल तर मी हात लावणार नाही, मला ही अशीच आवडली. पण लेखी तक्रार आहे, वरून शेरा मारून आलीय. आता तक्रारदारानंच येऊन मागे घेतली तर मी आत्ता फाइल बंद करतो. पण ह्याच्यावर ना नाव, ना पत्ता. विचारू कुणाला?"

आबांनी कागद हातात घेतला. लांब धरला, मग जवळ आणला. वाचला की नुसता बघितला, मला कळलं नाही. मग होता तसाच परत दिला आणि मुंगीकडे तोंड करून उभे राहिले. इंजिनिअर पेनाचं टोपण लावत-काढत होता. मी आबांपासून दोन पावलांवर होते. "मी लिहिलाय" एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही असेल. पण समोर तो परका मुलगा, पलीकडे बाकावर सुभेदार आणि त्यांची मंडळी कान देऊन बसलेली, आणि मी, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारी बाई. माझ्याच्यानं झालं नाही. बराच वेळ गेला. तेवढ्या वेळात दहा वेळा बोलता आलं असतं.

शेवटी आबाच म्हणाले, "कापतो मी. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका, फोडून ठेवत्याल. पण मग पोरांस्नी चढू देऊ नका. तेवढं लिवून ठेवा."

दोन दिवस लागले. छिन्नी-हातोड्यानं सिमेंट सोडवलं, सळया लोखंड कापायच्या करवतीनं कापल्या. मी डबा घेऊन गेले तर खाली बसून छिन्नी चालवत होते आणि पोरं गोल करून बघत होती. एकीनं विचारलं, "आजोबा, तिला दुखतंय का?" "न्हाई गं," म्हणाले, "सिमिट हाय ते." पुढचे दोन बूट सुभेदारांचे होते. काँक्रीट भरलेले ते बूट कडेला पडले होते. सुभेदार आले, त्यांनी बघितलं, आणि आबांशी एक शब्द न बोलता निघून गेले. त्यांना वाटलं, मिस्त्रीनं साहेबापुढे मान तुकवली. आबांनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. तिसऱ्या दिवशी मुंगीभोवती लोखंडी कठडा आला आणि त्यावर पाटी, चढू नये.

त्यानंतर आबांनी थापी हातात धरली नाही. हत्यारं गोणपाटात बांधून गॅलरीत ठेवून दिली. बागेत जाणंही सोडलं. विचारलं तर म्हणायचे, गुडघा धरतोय. माझ्याशी वागणं मात्र पूर्वीसारखंच, किंबहुना जास्तच मऊ. भाजीत मीठ जास्त पडलं तरी गप खायचे. त्या मऊपणानं मला पोळायचं. कितीदा ठरवलं की आज सांगून टाकू. चहाचा कप पुढे ठेवायची, समोर बसायची, आणि गॅस चालू राहिलाय, पाणी आलंय असं काहीतरी काढून उठायची. दीड वर्षं अशी काढली मी. थू माझ्या जिण्यावर!

मग त्यांचं छातीचं दुखणं वाढलं. जन्मभर सिमेंट हुंगलेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा, जे खातील ते द्या. एका दुपारी मी शाळेतून आले तर ते उशाला टेकून बसले होते. म्हणाले, "कागद घे. एक अर्ज लिवायचाय."

मी फुलस्केप घेतला, पलंगाशी बसले. दम लागत होता, थांबून थांबून सांगत होते. "लिव. मुंगीच्या ढेपीखाली काळ्या दगडाचा एक खांब द्यावा. दीड फूट रुंद, खाली दोन फूट पाया. मग ती दहा-बारा पोरं आरामात पेलंल. कठडा काढावा. पाटी बी काढावी. पोरांस्नी चढू द्यावं." मी लिहीत होते. "खांब ढेपीला लावून घ्यायचा, शिशाचा रस वतून. बाकी त्यांच्या गवंड्याला कळंल." लिहून झालं. वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

मी त्यांची सही घ्यायला कागद पुढे केला. त्यांनी तो परत माझ्याकडे सारला.

"माझं नगं. तुझं घाल," आबा म्हणाले. "ह्या खेपेला खाली नाव घाल."

मी रडले, हमसून हमसून, शाळेतल्या पोरीसारखी, त्यांच्या पांघरुणात तोंड खुपसून. "आबा, तुम्हाला माहीत होतं?"

"तुझं अक्षर मला ठावं न्हाई व्हय? जल्मभर माझी कागदं कुणी लिवली?"

"मग त्या दिवशी बोलला का नाही तुम्ही? सांगायचं साहेबाला, हिनंच लिहिलंय म्हणून!"

ते खूप वेळ खोकले. मी पाणी दिलं. मग म्हणाले, "अर्ज तुझा हुता. मागं तूच घ्यायचा. म्या थांबलो हुतो की पोरी, तू बोलशील म्हणून." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता.

मी नाव घातलं. पूर्ण नाव, खाली शाळा, खाली पत्ता. त्यांनी कागद डोळ्यांशी नेला, बोट लावून ती शेवटची ओळ जुळवून जुळवून वाचली आणि म्हणाले, "आता जा. कचेरी बंद हुईल."

मी तशीच निघाले, शाळेच्याच साडीत. रिक्षानं गेले. तोच इंजिनिअर होता, खुर्चीवरून उठून उभा राहिला, वडील कसे आहेत म्हणून विचारलं. मी अर्ज दिला. त्यानं वाचला, आणि वाचता वाचता कपाटाकडे बघितलं. जुनी फाइल काढून माझा पहिला कागद नव्या कागदाशेजारी ठेवला. मी त्याला अक्षर ताडून बघायला लावलं नाही.

"तो पण माझाच आहे," मी म्हणाले. "मी लिहिला होता. मागे घेते."

तो दोन्ही कागदांकडे बघत राहिला. लहान मुलगा तो, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, त्याला रागवायचंही कळेना. मग अगदी हळू म्हणाला, "पण मॅडम, त्या दिवशी मी विचारलं तेव्हा तुम्ही तिथेच उभ्या होता ना?"

"होय," मी म्हणाले. "तिथेच उभी होते."